बंबातला दोर

न्हाई न्हाई, बिघडलं काही न्हाई, मीच थांबवला पाळणा. बसा निवांत. कमरेचा पट्टा लावलाय ना? मंग झालं. हात बाहेर काढू नका, विहिरीच्या कडेचा दगड लागल. आन् बोलायचं असलं तर समोर दांडीला काळा माईक हाय, त्याच्यात बोला — वर इंजन चालू हाय, नुस्तं ओरडलात तर मला गुंगुं ऐकू येतं, शब्द कळत न्हाई. हां, आता बराबर आलं, इथल्या डब्यातून. मी दैवशाला. राधेश्यामची बहीण. बदनापूरला ट्रकच्या बॉड्या बांधायचं शेड हाय ना त्याचं, तिथंच काम करून राह्यले. ही विंच मीच चालवते. — राधेश्याम? तो गेला देवळाकडं पंगतीचं बघायला. या गाडीचा नारळ फुटला, फोटो झाले, तसं सगळं गाव गेलं मारुतीच्या पारावर. तुम्हीच म्हणलात ना, तळापर्यंत जाऊन व्हिडिओ काढतो — मंग काढा की. तुमच्या भाषणासाठी भोंगाबी लावलाय तिथं. इथं आपण दोघंच हाव.

हा आमच्या शेडचा दस्तूर हाय, साहेब. बापानं घालून दिलेला. माणूस चढवायचं-उतरवायचं काही बी बनवलं, तर जो पास करणार त्यानं पहिल्यांदा बसायचं. आपण न बसता दुसऱ्याच्या जिवावर सही करायची न्हाई. तुम्ही लगेच तयार झालात, मला बरं वाटलं. म्हणलं, फायर ब्रिगेडचे रामराव साहेब हिंमतवाले हायेत. — घेते की वर. जल्दी काय हाय? आधी गाडी कशी झाली ते सांगा. ओळखली का? न्हाई? अवो, तुमचाच बंब हाय तो. वय झालं म्हणून भंगारात काढलात, लिलावात राधेश्यामनं धरला. त्याला दुसरी गाडी बघायची होती, मी म्हणलं हाच पाह्यजे, न्हाई तर शेडात पाऊल ठेवणार न्हाई. पाण्याची टाकी कापून काढली, त्या जागी ही कमान उभी केली. पंप ज्या दांड्यावर फिरायचा त्याच्यावरच आता विंच फिरते. आग विझवायचं त्याचं वय संपलं, पर विहिरीतून माणूस काढायला अजून दम हाय त्याच्यात. लाल रंग खरवडून पिवळा मारला. नुस्ता डाव्या दाराचा पोचा ठेवला. राधेश्याम म्हणला, काहून ठेवती, ठोकून काढतो — म्हणलं, असू दे. तो मी पाडलेला हाय. दगड मारून.

बंबाला कोणी दगड मारतं का? न्हाई मारत. मीबी शहाणीच होते तवर. आता विहीर ओळखा. कठड्यावरून ओळखायला जाऊ नका, तो नंतर बांधला. तुम्ही आल्ते तेव्हा नुस्ता मुरमाचा काठ होता, तुमचे बूट घसरून राह्यलते म्हणून तुम्ही लांबच उभे होते. धावड्याचा शिवार, उन्हाळा, नेत्याची सभा — आठवलं?

रामकिसन माझा नवरा. गाळ काढायला उतरल्ता. अर्ध्या दुपारी कडा ढासळला, पायऱ्या गेल्या, उतरायचा दोर दरडीखाली गेला, आन् हा माणूस तुम्ही आता जिथं लटकलात ना, त्याच्या डाव्या हाताला एक कपार हाय बघा, तिच्यात चिकटून बसला. हात मोडलेला. पर बोलत होता. दोरासाठी आम्ही गावभर पळालो — दोर कुठून आणता? ट्रॅक्टर आले, बैलं गेली, बैलांसंगं मोटेचे नाडेबी गेले. घरोघर निघाली ती शेळ्यांची दावी. दावी, लुगडी, जे घावलं ते बांधून सोडलं, अर्ध्यात तुटलं. दुकानं सभेपायी बंद. म्हणलं, बंब बोलवा. बंबात शिडी असती, दोर असतो, शिकलेली माणसं असती.

बंब आला का? आला की. आग रामेश्वरी आन् बंब सोमेश्वरी म्हणतेत ना, तसा आला. नेत्याचं हेलिकॉप्टर उतरायचं होतं, धुराळा उडू नये म्हणून तुमचा बंब सकाळपासून माळावर पाणी मारून राह्यलता. तिथून आला. मी विहिरीत वाकून म्हणलं, अवो, बंब आला, आता काढतेत. तो खालून म्हणला, दोर मोठा हाय ना? म्हणलं, लई मोठा हाय. — आन् तुमच्या माणसानं मागचा खण उघडला तर खण रिकामा. मी बघितलं माझ्या डोळ्यानं. झाडून काढल्यासारखा रिकामा. तरी मी विहिरीत म्हणतच राह्यले, आला, दोर आला, धरून बसा. तो म्हणला, बरं. मंग वरचा अजून एक कडा त्याच्यावर आला.

हे मी कोणाला सांगितलं न्हाई. राधेश्यामलाबी न्हाई. तुम्हाला कशाला सांगून राह्यले कोण जाणे. असू दे.

काय म्हणलात? बंबाला दोर कधी मिळालाच नव्हता? साहेब, खोटं बोललं की माझा हात ब्रेकवरून सरकतो, त्याला मी काय करू — हां, बघा, सरकला. भिऊ नका, वीतभरच गेला पाळणा खाली. पाणी अजून लांब हाय. शेडात मी ही विंच रिकामी कधी चालवली न्हाई. मुरमाची पोती भरायची, तुमच्या वजनाची, आन् पाळणा कुठं थांबवायचा ते शिकायचं. राधेश्याम म्हणायचा, ताई, लई जीव लावून काम करून राह्यली. मी हो म्हणायचे. तेवढं एक काम मी खरंच जीव लावून केलं.

मंग दोर कुठं होता? मोठ्यानं बोला. माईकजवळ. — स्वागताच्या कमानीला. आन् शिडी? — तीबी कमानीला. नेत्याचा फोटो वर चढवायला. कोणी दिली? — वरून हुकूम होता, ते मला म्हायती हाय, हुकूम वरूनच येतो, पाऊस न्हाई आला तरी. हातानं कोणी दिली? — तुम्ही. तुम्ही स्वतः उभं राहून दिली. बिलकुल बराबर. एवढं सोपं होतं बघा.

आता दुसरं. मी दगड मारला तो बंबाला न्हाई मारला, तुम्हाला मारल्ता, नेम चुकला. का मारला? त्याचं मढं अजून दरडीखाली होतं, आन् तुम्ही पेपरवाल्याला सांगून राह्यलते — इसम दारूच्या नशेत तोल जाऊन पडला. ज्या माणसाला ताडी आन् ताक एकसारखंच वर्ज्य, ताकानं खोकला येतो म्हणायचा, तो दारूच्या नशेत! तुम्हाला पुढचं म्हायती न्हाई. तुम्हाला कशाला म्हायती असल? माझ्या शीतलला बघायला जुन्या जालन्याहून पाव्हणे आल्ते. चांगली कापडवाली माणसं. पोहे खाल्ले, पोरगी पसंत केली, आन् जाताना गावात कोणीतरी सांगितलं, बाप दारूत गेला हिचा. पुन्हा फोन न्हाई आला. पोरीनं मला इचारलं, आई, बाबा खरंच पिऊन उतरल्ते का? — सख्ख्या पोरीनं. माणूस तुम्ही एकदा मारला साहेब, त्याचं नाव रोज मारून राह्यलेत.

तर बोला. पिलेला होता का? — तुम्ही वास घेतला होता का? — मंग? — का म्हणलात तसं? — चौकशी झाली असती म्हणून. हां. पुन्हा म्हणा. "रामकिसन दारू पिलेला नव्हता, मी माझ्या नोकरीपायी खोटं बोललो." सगळं म्हणा, अर्धं गिळू नका. — बास. रडू नका आता. तुमच्या बायका-पोरांचं नाव काढू नका, ते माझ्याजवळ चालत न्हाई.

ब्रेक सोडला असता मी. खरं सांगते. पोती भरताना तेवढंच डोक्यात होतं. आन् परवापर्यंत होतं. मंग शीतलनं हा माईक जोडला, म्हणली, आई, बाबांचं बोलणं तुझ्याबिगर वर कोणाला ऐकू आलं नव्हतं ना, आता ज्याला काढायचं त्याचं ऐकू यायला पाह्यजे. तेव्हा म्हणलं, मेलेला माणूस काय बोलणार? जित्ताच बरा.

थांबा, इंजन बंद करते जरा. पाळणा हलणार न्हाई, ब्रेक पक्का हाय. ऐका आता. देवळाकडून काहीतरी ऐकू येतंय ना? फुस्‌ फुस्‌? तुमचाच श्वास हाय तो. बिनतारी माईक हाय, साहेब. शीतलनं सकाळीच देवळातल्या भोंग्याला लावून दिला. तुमचं भाषण होतं ना — झालं. सगळं गाव पंगतीत बसून ऐकून राह्यलंय, पेपरवालाबी हाय. शीतल वाढायला उभी हाय, पहिलं ताट तुमचंच.

चला, इंजन लावते. धरा घट्ट. आन् घाबरू नका, आमच्या बंबात दोर असतो.