भागाआक्कांचं हाड

हाड म्हटलं की कुत्रं पळतं, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही भागाआक्कांचं कुत्रं पाहिलेलं नाही.

बहात्तर साली मी आणि जोशी, दोघंही सोनईत मास्तर. राहायला आणि जेवायला भागाआक्कांकडे. एकदा शाळा तपासायला आलेले साहेब आमच्याच पंगतीला होते. दुष्काळ असूनही आक्कांनी त्यांच्यासाठी शिरा केलेला. जोशी मराठी शिकवायचा. साहेबांवर छाप पाडायची संधी तो सोडतो कशाला!

"साहेब, पूर्वी लोक हाडूक लांब फेकून कुत्रं घालवायचे. 'हाड' हा शब्द त्यावरूनच आला."

एवढ्यात कुत्रं आत शिरलं. जोशी ओरडला, "हाड!" कुत्रं थेट साहेबांच्या ताटापाशी. मग साहेबही ओरडले, "हाड, हाड!" त्यानं शेपूट हलवत शिऱ्यात तोंड घातलं.

आक्का चुलीपासून धावत आल्या. "आवं, हाड नका म्हनू! भाकर लांब फेकताना मी हाडच म्हनती. त्याला वाटतं, जेवायला बोलावलं."

"बघा साहेब, हेच मूळ!" जोशी खूश.

"मग घालवायचं कसं?" साहेबांनी विचारलं.

"ये राजा, ये," आक्का म्हणाल्या. कुत्रं जे पळालं ते अंगणातल्या लिंबामागं. "आंघुळीला तसंच बोलावती त्याला."

साहेब न जेवताच उठले. दारात "येतो" म्हणाले. आक्कांनी हात जोडले, "या साहेब, या."

ते ऐकून कुत्रं लिंबामागून निघालं ते पार ओढ्यापलीकडं. संध्याकाळी परत आलं. साहेब नाही आले.