कडेची निळी पेन्सिल

नबीला : बघा, आता डाग दिसतोय का कुठं? हितं चहाचा कप ठेवल्याचा गोल होता. तो कम्प्युटरवर काढायलाच अख्खा दिवस गेला.

प्रेरणा : कपाचा गोल काढलास?

नबीला : काढला की. अन् अब्बांनी चुकलेलं झाकायला पांढऱ्या रंगाची पुटं चढवलेली जागोजागी, ती पण सपाट केली. आता कसं, दुधासारखं दिसतंय. चित्रकथेची छप्पन्न पानं, प्रेरणाताई. तीन महिने लागले. दुकानातली आधारकार्डं, लग्नपत्रिका सांभाळून केलं सगळं. हा गठ्ठा मुद्दाम मोठ्या कागदावर छापून ठेवलाय, अब्बांना आज दाखवायचाय. तुम्ही पुण्यासनं येणार म्हटल्यावर सकाळपासून तीनदा विचारून झालं त्यांचं.

प्रेरणा : नबीला, कडेचं लिखाण कुठं आहे?

नबीला : कुठलं?

प्रेरणा : कागदाच्या कडेला, चौकटींच्या बाहेर. निळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं. प्रत्येक पानावर होतं.

नबीला : ते व्हय? ते तर सगळ्यात पहिलं काढलं.

प्रेरणा : का गं?

नबीला : का म्हणजे? तुम्हीच दिवाळीत म्हणालात ना, 'घाटातला धनाजी' अब्बांनी काढला तेवढ्याच आकारात छापायचा. मासिकात वहीच्या पानाएवढा यायचा, आता त्याच्या दुप्पट होणार. मग मोठं म्हटल्यावर चुका पण मोठ्या दिसणार की. लोकं काय म्हणतील, ह्या म्हाताऱ्याला रेघ सरळ मारता येत नव्हती?

प्रेरणा : माझ्याकडं अशी, मूळ चित्रांच्या आकारात छापलेली सतरा पुस्तकं आहेत. कपाटात मावत नाहीत, पलंगाखाली आडवी ठेवते. एक उघडायचं तर जेवायचं टेबल रिकामं करावं लागतं. त्यातल्या सगळ्या गोष्टी मला आधीपासून पाठ आहेत, लहान पुस्तकं घरात होतीच.

नबीला : मग परत घेता कशाला? धरताना हात भरून येत असतील.

प्रेरणा : एका पानावर पोलिसाचा हात पाच वेळा खोडलाय. चित्रकाराला जमेचना. शेवटी कंटाळून त्यानं पोलिसाचे दोन्ही हात पाठीमागं घेतलेले दाखवले. छापील गोष्टीत तो नुसता ऐटीत उभा आहे. लहानपणापासून मला वाटायचं, काय ऐट आहे! आणि मोठ्या पानावर पांढऱ्या रंगाखाली बघते तर पाच हात. त्या दिवशी मी टेबलावरून उठलेच नाही. तो माणूस कधीच वारलाय, पण तिथं बसून वैतागलेला दिसतो. त्यासाठी घेते.

नबीला : म्हणजे मी काढली तीच घाण तुम्हाला हवी होती.

प्रेरणा : हो.

नबीला : मग तसं सांगायचं होतं.

प्रेरणा : मला वाटलं, सांगायची गरजच नाही. चुकलं माझं. असू दे, आधीच्या फायली दे, न पुसलेल्या.

नबीला : त्याच फायलीवर सेव्ह करत गेले. जागा कुठं हाय ह्या कम्प्युटरात? हँग होतो मेला.

प्रेरणा : बरं, मग मूळ कागद काढ पेटीतून. पुन्हा स्कॅन करू. मी थांबते, दोन दिवस थांबते.

नबीला : पेटी जाळली.

प्रेरणा : काय?

नबीला : वाळवी लागली होती, ताई. खालचे कागद भुगाच व्हायला लागलेले. दाराच्या चौकटीपर्यंत आली होती ती. मी म्हटलं, आता सगळं मशीनमधी आलंय, त्यापेक्षा चांगलं आलंय. मागच्या अंगणात पेटवली. अब्बांना म्हटलं, पालापाचोळा जाळतेय.

प्रेरणा : दिवाळीत मी फोनवर फोटो काढत होते, तर तूच म्हणालीस, कशाला, मी स्कॅनच करून देते.

नबीला : एवढं काय होतं हो त्यात? मासिकवाल्यांनी चुका काढलेल्या. 'ह्याचे पाय काडीसारखे आहेत.' 'घोडा आहे की शेळी?' मला राग यायचा वाचून. अब्बा एवढं मरमर करणार अन् ते पुण्यात खुर्चीवर बसून नावं ठेवणार. अन् खाली अब्बांचंच टिपण, मीठ आणायचं, रॉकेल आणायचं. घरातलं हो. ते जगाला कशाला दाखवायचं?

प्रेरणा : ते मासिकवाल्यांचं नव्हतं. आणि अब्बांचंही नव्हतं.

नबीला : मग कुणाचं?

प्रेरणा : तुझ्या अम्मीचं.

नबीला : अम्मीचं?

प्रेरणा : मुबारकचाचांनी दिवाळीत मला सांगितलं. तू चहा आणायला गेली होतीस तेव्हा. निळी पेन्सिल छापखान्याच्या कॅमेऱ्याला दिसायची नाही, म्हणून त्या बिनधास्त लिहायच्या. चाचा म्हणाले, नबीलाला आत्ता बोलू नकोस, पुस्तक आलं की मीच तिच्या मांडीवर ठेवीन. तिनं आईचं अक्षर कधी बघितलेलं नाही.

नबीला : थांबा. थांबा जरा. मी अडीच वर्षांची होते ती गेली तेव्हा. घरात तिचा एक फोटो हाय, लग्नातला, त्यात पण मान खाली. अन् मी… एकेक अक्षर मोठं करून पुसलं हो. काना, मात्रा, वेलांटी. हातानं.

प्रेरणा : नबीला, इकडं बघ.

नबीला : अब्बांना सांगू नका. पाया पडते. ह्या पुस्तकासाठी तर औषधं घेतायत वेळेवर.

(मुबारक काठी टेकत दुकानाची पायरी चढतात.)

मुबारक : आली का प्रेरणा? आवाज आला म्हनून आलो. नबी, खुर्ची दे तिला. उभीच ठेवलीस व्हय?

प्रेरणा : बसते, चाचा. तुम्ही बसा आधी.

मुबारक : छापलं म्हनं. कुठं हाय? अकरावं पान काढ, नदीचं.

नबीला : हे घ्या, अब्बा.

मुबारक : व्हय, व्हय. ही नीरा. अन् ह्यो आमचा धनाजी, टपालाची पिशवी डोक्यावर घिऊन पान्यात उतारलाय. काळं समदं दिसतंय बघ मला. येवढं मोठं हाय म्हनून दिसतंय, मासिकातलं आता मुंग्यांवानी दिसतं. पर निळं काय दिसंना. फिकं कायच दिसत न्हाई. नबी, कडंला काय लिवलंय, वाच.

प्रेरणा : चाचा, मी काय म्हणते…

नबीला : वाचते, अब्बा. 'पिशवी दोन्ही हातांनी धरली तर पोहणार कशानं? बुडेल की.'

मुबारक : आक्षी तसंच! मंग म्या येक हात सोडवला त्याचा, पांढरा रंग लावून. दिसतुया का पांढरा?

नबीला : दिसतोय.

मुबारक : अक्षर कुनाचं हाय, वळखलंस का?

नबीला : अम्मीचं.

मुबारक : प्रेरणानं सांगितलं वाटतं. आसू दे. तुझी अम्मी वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स व्हती. पहिल्या येष्टीनं जायची. म्या रंगाचे डबे घिऊन हायवेला हाटेलांचे बोर्ड रंगवायला. एका छपराखाली ऱ्हाऊन गाठ पडायची ती ह्या कागदाच्या कडंला. वर चित्राला नावं ठिवायची अन् खाली घरातलं लिवायची. खाली काय हाय?

नबीला : 'पीठ संपलंय.' अन्… 'नबीला आज भिंतीला धरून उभी राहिली.'

मुबारक : व्हय. कामावनं आलो, ती झोपलेली. कागदावर वाचलं अन् तुला उठवून पुन्ना हुबी केली. लई रडलीस.

नबीला : हे पुसताना… हे वाचताना थांबले होते मी, अब्बा. मला वाटलं तुम्ही लिहिलंय.

मुबारक : बारावं काढ.

नबीला : बारावं… हे. हितं लिहिलंय, 'चित्र फार सुंदर झालंय.'

मुबारक : काय लिवलंय?

नबीला : 'फार सुंदर झालंय.'

मुबारक : जाहिदानं?

नबीला : व्हय.

मुबारक : न्हाई. निकाह झाल्यापास्नं सात वर्सं तिनं माज्या येका चित्राला बरं म्हटलं न्हाई. मनातनं आवडायचं तिला, पर तसं म्हनायची न्हाई. नीट बघून वाच.

नबीला : अब्बा, हितं काय न्हाई.

मुबारक : लई फिकं झालंय का?

नबीला : न्हाईच हाय. कुठंच न्हाई. मी पुसलं सगळं. मला वाटलं लोकांनी तुमच्या चुका काढल्यात. तुम्हाला कुणी हसू नये म्हणून पुसलं.

मुबारक : अन् कागद?

नबीला : पेटी जाळली. त्या दिवशी पालापाचोळा नव्हता तो.

प्रेरणा : चाचा, चूक माझीपण आहे. मी तिला नीट समजावून…

मुबारक : वंगाळ झालं. लई वंगाळ झालं, नबी.

नबीला : मला का न्हाई सांगितलं तुम्ही? तेहतीस वर्षं! एकदा नुसतं दाखवलं असतं, हे तुझ्या अम्मीचं अक्षर…

मुबारक : ल्हानपणी तिचं नाव काढलं की तू दारात जाऊन बसायचीस, येष्टीची वाट बघत. म्हनून काढायचं सोडलं. मंग मोठी झालीस, तर जिभेला सवयच ऱ्हायली न्हाई. माजीच चूक हाय. म्हटलं, पुस्तक बोलंल.

नबीला : मला मारा, अब्बा. पण चूक स्वतःवर घेऊ नका.

मुबारक : समदी छप्पन्न पुसलीस?

नबीला : सगळी.

मुबारक : पुसताना वाचलंस का?

नबीला : काही वाचलं. काही वाचलंच न्हाई, रागानं पुसत गेले. काही वाचून विसरले.

मुबारक : किती ध्यानात हाय?

नबीला : माहीत न्हाई. चित्र बघितलं की एखादं आठवतं.

मुबारक : मला तर आता चार-दोनच आठवत्यात. म्हटलं हुतं, छापून येईल, कशाला ध्यानात ठिवायचं. प्रेरणा, तुझी येष्टी कवा हाय?

प्रेरणा : माझं काही नाही, चाचा. मी थांबते.

मुबारक : शटर अर्धं वढ, नबी. गिऱ्हाईक नको आता. हितं माज्याजवळ बस.

नबीला : बसले.

मुबारक : बारावं गेलं म्हन. तेरावं काढ. हितं काय पुसलंस?