अकरा नंबरची माती

—नाही, नाही, सही माझीच आहे, मॅडम, ती कुठे नाकारतोय मी? अक्षरही माझंच. ‘अकरा नंबरच्या तुकड्यात दोन हंगाम पीक उभं राहिलेलं नाही. बाई लागवड सोडून दिवसभर माती वाहते.’ वाचून दाखवू नका, पाठ आहे मला. दोन ओळी लिहायला अख्खी दुपार गेली माझी — बसा ना तुम्ही, तो क्रेट उलटा करा आणि बसा, मजबूत आहे, माझं वजन पेलतो. तर खोटं काय आहे त्यात, सांगा. पीक नाही? नाहीच. माती वाहते? वाहतेच. आत्ताही बघा, या दारातून दिसते — डोक्याला फडकं बांधलेली, घमेलं घेऊन चाललेली — तीच. मग? सलग दोन हंगाम पीक नाही तर तुकडा परत, हा नियम काय मी केला? फायलीला शेजाऱ्याचं लेखी म्हणणं जोडायचं, हेही तुमच्याच ऑफिसचं. शेजारी कोण, तर दहा नंबर. दहा नंबर कोण, तर मी. मी नाही लिहिणार तर कोण, गेटवरचा वॉचमन लिहिणार?

तुम्ही नव्या आहात म्हणून सांगतो. हे सगळं बंद पडलेलं सरकारी शेत होतं. त्याचे चौदा तुकडे पाडले. सात आमच्यासारख्यांना, फौजेतून सुटलेल्यांना, आणि सात अशा लोकांना, ज्यांच्या सात पिढ्यांनी दुसऱ्याची जमीन कसली आणि स्वतःची कधी पाहिली नाही. तीन वर्षं शिका, पिकवा, विका, आणि जमलं तर तुकडा तुमचा. कल्पना चांगली आहे, मी नावं ठेवत नाही. पण बावीस वर्षं ज्याने रायफल साफ केली त्याला तुम्ही अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सांगता, हे बघा, हे गाजराचं बी — हसू नका — मला पहिल्या महिन्यात गाजराचं रोप आणि गवत वेगळं ओळखता येत नव्हतं. गवत ठेवलं, गाजरं उपटली. ती बांधावरून बघत होती. तोंडावर फडकं धरून हसली असेल, असेलच, मी पाहिलं नाही.

ती कोण म्हणजे? हीच, अकरा नंबर. सगळे तिला ताई म्हणतात, मीही म्हणतो, वयाने लहान आहे माझ्यापेक्षा. नऊ वर्षांची होती तेव्हापासून मजुरीवर. माती हातात घेऊन सांगते, यात काय येईल. वर्गात मास्तर फळ्यावर लिहायचे आणि ती मान हलवायची, बरोबर आहे म्हणून — मास्तरांना पास करत होती जणू! आणि मी पहिल्या बाकावर, वही, पट्टी, दोन रंगांची पेनं. दोन वर्षांत एकही वर्ग चुकवला नाही. मस्टर काढून बघा.

सऱ्यांचं? कुठल्या सऱ्यांचं? हां, ते. कोणी सांगितलं तुम्हाला? मास्तरांनी? बरं. लपवण्यासारखं काही नाही त्यात. माझा तुकडा उताराचा आहे, वरून खाली, आणि खाली लागून अकरा नंबर. मी दोरी बांधली, खुंट्या ठोकल्या आणि सऱ्या काढल्या, वरपासून खालपर्यंत सरळ. एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकाची खुंटी दिसायला पाहिजे — आम्हाला दुसरं काही शिकवलंच नाही हो, सरळ उभे राहा, सरळ चाला, बूट सरळ रेषेत ठेवा. दोरीवाले म्हणायला लागले मला सगळे. तुमचे मोठे साहेब पाहुणे घेऊन आले की आधी माझ्याकडे आणायचे. वा, काय शिस्त आहे! फोटो काढायचे. ताईच्या सऱ्या आडव्या, उताराला अडवून, वाकड्यातिकड्या, सापासारख्या. तिचे फोटो कोण काढणार?

ती म्हणाली होती, हो. सगळ्यांसमोर म्हणाली, इथेच, या शेडमध्ये. दादा, सऱ्या आडव्या घ्या, पाणी धावेल. आणि मी म्हणालो — आता कशाला उगाळायचं ते — मी म्हणालो, ताई, तुम्ही जन्मभर दुसऱ्याच्या शेतात खुरपलंत, इथे आपण मालक व्हायला आलोय, मजुरासारखा विचार सोडा. सगळे हसले. मास्तरसुद्धा हसले, त्यांनाही विचारा की. ती नाही हसली. बरं, म्हणाली. एवढंच. बरं.

मग पाऊस झाला. दीड तास. दुपारचे बारा ते दीड. पाऊस काय सांगून येतो? माझी प्रत्येक सरी म्हणजे नळ झाला, मॅडम. या दारात उभा राहून बघत होतो. कोबीची रोपं अशी वर आली, तरंगली आणि गेली, रांगेने गेली, शिस्तीत. खालचा बांध फुटला. आणि तिचा घेवडा — कंबरेएवढा होता, फुलावर आलेला — दिसेनासा झाला. वीतभर, काही ठिकाणी गुडघाभर गाळ. सगळा — म्हणजे वरून आलेला. वरून म्हणजे सगळीकडूनच येतो ना पाऊस पडल्यावर, माझ्याच—

पाणी देता का ती बाटली? तुमच्या मागे. हां.

माझंही नुकसान झालंच की. तिचं एकटीचं नाही झालं. मला वाटलं होतं, सकाळी येईल, चार शिव्या घालेल. मी तयारीत होतो. शिव्यांची सवय आहे मला, दिलेल्याही आहेत, खाल्लेल्याही आहेत. आली ती घमेलं घेऊन. तिच्या वाफ्यातला गाळ भरला, चढ चढून आली, आणि माझ्या तुकड्याच्या डोक्यावर ओतला. रिकामं घमेलं घेऊन खाली. पुन्हा भरून वर. मी म्हटलं, ताई, हे काय, इथे का टाकताय? तर म्हणाली, मग कुठे टाकू? चांगली माती आहे, नाल्यात कशी टाकू? रागाने नाही हो! रागाने म्हणाली असती तर मी भांडलो असतो. हिशेबाने म्हणाली, भाजी निवडताना बोलतात तशी. सकाळी चाळीस घमेली, दुपारी पंचवीस. मोजायचो मी, इथून. हात लावला का? नाही लावला. पहिल्या दिवशी लाज वाटली, दुसऱ्या दिवशी वाटलं, काल नाही गेलो, आज कोणत्या तोंडाने जाऊ. मग रोजच तसं. माणसाला एकदा उशीर झाला की सोपं होतं सगळं.

ती माती पसरली मी. सऱ्या आडव्या घेतल्या, तिच्यासारख्या. पीक बघितलंत ना येताना? बघितलंच असेल, साहेबांनी आधी तेच दाखवलं असेल. पाहुणे विचारतात, ही आडव्या सऱ्यांची युक्ती कोणाची? मी म्हणतो, अनुभवातून शिकलो. खोटं आहे? अनुभवातूनच शिकलो.

आणि तिचा पेरणीचा महिना गाळ उपसण्यात गेला. म्हणून दुसरा हंगाम गेला. म्हणून मी लिहिलं, माती वाहते. कुठे वाहते, असं तुमच्या फॉर्ममध्ये विचारलेलं नाही.

हो, अर्ज दिलाय. अकरा नंबरसाठी. फायलीत असणारच, त्यात चोरी कसली? तुकडा सुटला की पहिला हक्क लागून असलेल्याचा. आणि दोन तुकडे असले की बांधावर खोली बांधायची परवानगी मिळते. मी दीड वर्ष या शेडमध्ये झोपतोय, खतांच्या पोत्यांशेजारी. बायको तिच्या भावाकडे आहे. मेव्हणा चांगला आहे, तोंडावर काही बोलत नाही, पण त्याच्या घरी जेवायला बसलो की तो उठून दुसऱ्या खोलीत जातो. बायको म्हणाली, बावीस वर्षं तुमच्या बदल्यांची वाट बघितली, आता खोली असेल तर सांगा, येते. नसेल तर फोनही नका करू. आता सांगा, मी काय करायचं होतं? ती ताई कुठेही मजुरी करून जगेल. तिला येतं सगळं. मला काय येतं? एवढा एकच तुकडा आणि—

काय लिहिताय? हे नका लिहू. मी सहज बोललो. मॅडम, पेन ठेवा बघू खाली.

शेजाऱ्यामुळे नुकसान झालं असेल तर तो हंगाम धरत नाहीत. माहीत आहे मला. नियमांची पुस्तिका मीच वर्गात मोठ्याने वाचून दाखवली होती, तिला वाचता येत नाही म्हणून. तो नियम तिला दोनदा वाचून दाखवला. तिच्या लक्षात आहे तो, चांगला लक्षात आहे. तरी मागच्या महिन्यात मास्तरांनी तिला विचारलं, काय झालं होतं नक्की? तर म्हणाली, पाऊसच तसा होता. मी शेजारी उभा होतो, हात मागे बांधून. पाऊसच तसा होता म्हणाली, आणि घमेलं उचललं.

तुम्ही गेलात तरी तेच सांगेल. विचारून बघा. तिने सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, वाद झाला असता, तुम्ही चौकशी केली असती, काय व्हायचं ते झालं असतं. पण ती सांगत नाही म्हणून मी सांगायचं, हा कुठला न्याय? सगळं माझ्यावर सोडून मोकळी झाली ती.

दुसरा कागद? कोरा? नको. ठेवा तुमच्याकडेच. एकदा लिहिलं, खाली सही केली, ती माझीच आहे, सुरुवातीलाच सांगितलं. पिकाला पाणी सोडायची वेळ झाली माझी.

या आता.