राधिकाच्या शेजारची खुर्ची

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय पद्माकर साठ्ये, व्यासपीठावरील पाहुणे निशिकांतजी, जिला निरोप द्यायला आपण मरीन परेडच्या या सभागृहात जमलो ती आपली राधिका, आणि रविवारची झोप मोडून आलेल्या मित्रमैत्रिणींनो, मी नीता, सर्वांना नमस्कार करते.

राधिकाबद्दल चार चांगले शब्द बोलायला मला सांगितलं आहे. बोलेनच. पण आधी कबूल करते, गेली दोन वर्षं मी हिच्यावर जळते आहे. हसू नका, खरं सांगते.

माझी मुलगी आर्या सोळा वर्षांची आहे. ती ऑटिस्टिक आहे, हे बहुतेकांना ठाऊक आहे. सात वर्षांची असताना तिला सिनेमाला नेलं होतं. आवाज सुरू झाला आणि ती कान दाबून किंचाळायला लागली. पुढच्या रांगेतले गृहस्थ वळून म्हणाले, "हिला घरीच दाखवायचा ना सिनेमा." पुढची सात वर्षं आम्ही घरीच दाखवला.

मग पुण्याहून इथे परदेशात, पाया लेबारला नोकरीला आलेली ही राधिका आपल्या मराठी मंडळात म्हणाली, अशा मुलांसाठी महिन्यातून सिनेमाचा एक खेळ करू. दिवे मंद, पण चालू. आवाज कमी. हवं तेव्हा उठा, फिरा, बोला. हिला मूलबाळ नाही. मी मनात म्हटलं, हिला काय कळतंय?

पहिला सिनेमा तिनेच निवडला. सातपुड्यातल्या आदिवासी तरुणांनी त्यांच्या पावरी बोलीत स्वतः केलेला, विनोदी. अध्यक्षमहाराज, आपण तेव्हा 'डोळे पुसायला रुमाल आणायचा का' असं विचारलं होतंत, आठवतं? पडद्यावर साहेब शौचालयं मोजायला येतो आणि अख्ख्या गावात दार एकच. साहेब पुढच्या घरी पोचायच्या आत पोरं मागच्या वाटेने दार पळवत नेतात. तिसऱ्यांदा दार पळालं आणि माझी आर्या खदखदून हसली. उठली, पडद्यापर्यंत जाऊन आली, आणि बसली ती राधिकाच्या शेजारी. इथल्या पोरांसारखा शेवटी 'ला' लावून म्हणाली, "डोअर अगेन, ला."

सांगा, कुठल्या आईला हे सोसेल?

दर महिन्याला तेच. शेवटी ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाड्यांच्या गर्दीत, मी हिला विचारलं, "माझ्या मुलीला काय लावून ठेवलंयस?"

ती हळूच म्हणाली, "नीताताई, आर्या हसली की तुम्ही आधी आजूबाजूला बघता, कोणी रागावलं का ते. मी सिनेमा बघत असते. एवढंच."

मी चहा अर्धा टाकून निघून आले. पुढच्या खेळाला तिला निरोप धाडला, आर्याला ताप आहे. राधिका, ताप नव्हता. आर्या सकाळी नऊपासून बूट घालून दाराशी बसली होती. बारा वाजता तिने स्वतःच बूट काढून ठेवले. रडली नाही. आर्याच्या बाबाला, आमच्या विक्रांतलाही मी हे सांगितलेलं नाही, तो आत्ता ऐकतो आहे. त्या खोट्याबद्दल मी तुझी माफी मागते.

पुढच्या महिन्यात तिला घेऊन गेले. ती हसली तेव्हा मान वळू नये म्हणून मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. ती माझ्याकडे आली का? नाही. राधिकाकडेच गेली. मग मी उठले आणि आर्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. तिने बसू दिलं. तेवढ्यावर माझं पोट भरलं असं म्हणणार नाही, पण मी तिथेच बसत राहिले.

आता राधिका पुण्याला परत चालली. दिवे, आवाज, सिनेमाची निवड, सगळं माझ्याकडे येतंय. परवा जेवताना आर्याला सांगितलं, आता तुझ्या शेजारी मी एकटीच असेन. तिने पोळी खाली ठेवली आणि म्हणाली, "आई ट्राय फर्स्ट. सी हाऊ." म्हणजे, आईने आधी करून तर बघावं, मग ठरवू.

राधिका, तुझे आभार मानायला मला शब्द जड जातात, पण मानते. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आपलीही ऋणी आहे. आज बोलताना उणंअधिक झालं असेल, पुढे खेळांतही होईल. आर्याने दिली तेवढी सवलत आपणही मला द्यावी, ही विनंती.