दुसऱ्यावरून तिसऱ्यावर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय तळवडेकर साहेब, मंचावरचे क्लबचे पदाधिकारी, जुन्या मोटारींवर पोटच्या पोरांसारखी माया करणारे सर्व सभासद, आणि त्या मोटारींपायी रविवारी एकट्या जेवणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, तुम्हा सर्वांना मालन जयवंत धुरी हिचा नमस्कार.

सत्कार यांचा आणि बोलतेय मी, याचं कोणाला नवल वाटायला नको. यांना ऐकू येत नाही हे तुम्ही जाणताच. साकीनाक्याच्या गाळ्यात जन्मभर पत्रा ठोकला, त्यात कान गेले. कानाचं मशीन आहे, पण ते बहुतेक वेळा फ्रिजवर असतं. आत्ताही समोर बसून छान हसतायत ना? मी काय बोलतेय ते त्यांना माहीत नाही. माईकची मला सवय आहे, घाटकोपरच्या शाळेत आयुष्य गेलं. फक्त तिथली मुलं थोडंफार ऐकायची.

यांचा डावा गुडघा आता क्लच दाबायला नाही म्हणतो. म्हणून भंगारातून उभी केलेली आमची लाल दोन सीटची गाडी आजपासून आपल्या क्लबातल्या मिहिरची. मिहिर, तुझं आणि तुझ्या बायकोचं, अपूर्वाचं अभिनंदन. अध्यक्षांनी मला सांगितलं, वहिनी, भावुक व्हा, चालेल. साहेब, खरं सांगू? सकाळपासून मला काहीच वाटत नाहीये. साडी नेसले, गजरा माळला, फोटो काढले. डॉक्टरांनी सुई मारल्यावर दाढ कशी होते, तशी मी झालेय.

तर मुद्द्यावर येते. मिहिरने यांना विचारलं होतं, काका, हिचा गिअर कधी बदलायचा? तर हे म्हणाले, काकूला विचार. मिहिरला वाटलं, काका टाळतायत. ते टाळत नव्हते, बाळा.

इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा आमच्याकडे गाडी आली तेव्हाच मेलेला होता. सगळा कारभार कानावर. पहिला गिअर गाडी जागची हलण्यापुरता. हलली की लगेच दुसरा. दुसऱ्यावर मात्र घाई नको. इंजिन आधी कुरकुरतं, मग मोकळं होतं, आणि मग आवाज चढायचा थांबून नुसता मोठा होऊ लागतो. तिथे तिसरा टाकायचा. आधी टाकलास तर आचके, उशीर केलास तर किंचाळ्या. चढावर गाडी धापा टाकायच्या आधीच खालचा टाक, आणि टाकताना मध्ये न्यूट्रलवर आणून जरासा एक्सलेटर दे, नाहीतर गिअरबॉक्स करकरतो आणि सगळा रस्ता वळून बघतो.

आता तुम्ही म्हणाल, मास्तरीणबाईंना हे कसं ठाऊक? यांचे कान गेले तेव्हा गाडी बंद होणार होती. मी म्हटलं, मी ऐकते. आवाज वर पोचला की मी यांच्या गुडघ्यावर हात दाबायचे. एकदा दाबला की वरचा गिअर, दोनदा दाबला की खालचा. रॅलीत तुम्ही आम्हाला बघून हसायचात ना, म्हातारपणी प्रेम ऊतू चाललंय म्हणून? ते प्रेम नव्हतं, तो गिअर होता.

पण एक सांगते. आमच्या संसारात यांनी माझं कधी ऐकलं नाही. कान शाबूत होते तेव्हाही नाही. आमच्या लेकीचं, मानसीचं कॉलेज, गावचं घर, मुलुंडची खोली, सगळं हे ठरवणार आणि मी मान डोलावणार. फक्त त्या गाडीत मी हात दाबला की हा माणूस तत्काळ ऐकायचा. माझं ऐकलं जाईल अशी जगात तेवढी एकच जागा होती, आणि ती आज मिहिरकडे चाललीय. सुन्न झालेय ती त्यामुळे, गाडीच्या पत्र्यामुळे नव्हे.

आज सकाळी त्या गाडीतून आम्ही शेवटचे निघालो, मुलुंडहून इथे अंधेरीला. मी अशी बधिर, हात माझ्याच मांडीवर राहिला. पवईच्या चढाला लागल्यावर दचकले, अगंबाई, आपण दाबलंच नाही! आणि गाडी तर खालच्या गिअरवर मजेत चाललेली. पुढे सरळ रस्ता लागला, मी मुद्दाम हात दाबला नाही. आवाज वर पोचला, आणि यांनी तिसरा टाकला. लोण्यासारखा!

सिग्नलला मी हाताने खुणावून विचारलं, कसं कळलं? हे गिअरच्या दांड्यावर थाप मारून म्हणाले, "हेच्यात कळता गो हाताक. पयल्यापासून."

मी म्हटलं, म्हणजे ओठ हलवून म्हटलं, "मगे इतकी वर्सां माझ्या हाताची वाट कित्याक बघत होतात?"

सिग्नल सुटला होता. मागचा रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न. हे समोर बघत म्हणाले, "तू सांगत होतंस मां."

बस, एवढंच. यावर रडू यायला हवं होतं, नाही का? नाही आलं. इथे आले, तुम्ही गुलाबपाणी शिंपडलंत, पहिल्या रांगेत बसवलंत. अजूनही काय वाटतंय ते मला नीट सांगता यायचं नाही.

असो. क्लबने आमचा इतका मान ठेवला, त्याबद्दल आम्हा उभयतांकडून मनापासून आभार. मिहिर, गाडी सांभाळ. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर म्हातारीचं म्हणून पोटात घाला. आणि जेवायला आम्ही थांबत नाही, रागावू नका. यांना यातलं एक अक्षर ऐकू गेलेलं नाही. घरी जाऊन, फ्रिजवरचं मशीन यांच्या कानात घालून, मला हे सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं आहे.

नमस्कार.