पंखा चालू असल्याबाबत

मी, यमुना सोनाजी नरसीकर, वय तेवीस वर्षे, शिक्षण बी. ए., धंदा मुलींच्या शाळेत शिक्षिका, मूळ राहणार नरसी नामदेव, हल्ली राहणार जुन्या छावणीतील गुलाबचंद शेटजींचा बंगला, हिंगोली, आज ता. १४ मे १९४४ रोजी सकाळी साडेनऊ वाजता आपण होऊन ठाण्यात आले आहे व समक्ष सांगते ते असे. ठाण्याचे दफ्तर उर्दूत आहे. मला उर्दू वाचता येत नाही, म्हणून येथील पोलीस अंमलदार अमीनसाहेब यांच्या परवानगीने मी स्वतःच्या हाताने मराठीत लिहीत आहे.

बंगल्यातील पूर्वेची एक खोली माझ्याकडे आहे. बाकीच्या खोल्या बंद आहेत. खोलीत तुळईला टांगलेला झालरीचा पंखा आहे. त्याची दोरी भिंतीतल्या उंचावरच्या भोकातून बाहेर ओसरीवर जाते. तेथे बसून देवला रामसिंग राठोड, वय सुमारे साठ, राहणार तांडा, हा दुपारी बारापासून चारपर्यंत ती ओढतो. त्याला शेटजींनी ठेवले आहे. दोरी ओढणाऱ्याला पंखा दिसत नाही व खोलीतल्या माणसाला ओढणारा दिसत नाही. बोललेले मात्र ऐकू येते.

शाळेला २२ एप्रिलपासून सुटी आहे. माझे घर पाच कोसांवर आहे. सुटीत मी घरी गेलेली नाही. त्याचे कारण या चौकशीशी संबंधित नाही.

ता. ३ मे रोजी सकाळी सातच्या सुमारास तुळईचा आकडा निखळून पंखा खाली पडला. त्याबरोबर भोकाजवळची पितळेची कप्पीही निघून आली. मी खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात होते, लागले नाही. कप्पी हरवू नये म्हणून मी ती पुसून माझ्या ट्रंकेत ठेवली. ती आज सोबत आणली आहे व जमादार खाजा मिया यांच्या ताब्यात दिली आहे. चोरी झालेली नाही.

पंखा पडल्याचे शेटजींना कळवणे माझे काम होते. मी कळवले नाही. लढाईमुळे लोखंडी सामान मिळत नाही, त्यामुळे दुरुस्ती लवकर झाली नसती. पंखा बंद तर ओढणाऱ्याला कापसाच्या गोदामावर पाठवीन, असे शेटजी मागे माझ्यासमोर बोलले होते.

अमीनसाहेबांनी विचारले, "पाठवला असता, तर तुमचं काय बिघडत होतं?"

उत्तर : दुपारी कोणी आले नसते.

त्या दिवशी बारा वाजता देवला नेहमीप्रमाणे ओसरीवर येऊन बसला. "बाई, वढू का?" असे त्याने विचारले. पंखा पडला आहे, असे सांगायचे मी ठरवले होते. मी "ओढा" म्हटले. लगेच दोरीच्या आतल्या टोकाला माझ्या पुस्तकांची पिशवी बांधली. तो ओढी तेव्हा पिशवी भिंतीवरून वर जाई, सैल सोडी तेव्हा खाली येई. ही पुस्तके माझ्या परीक्षेची आहेत.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "दोरी आज जड काहून लागून राहिली?"

मी म्हटले, "झालर भिजवली आहे. गार वारा येतो."

"मंग बराबर हाय. तुमी निवांत वाचा."

ही माझी पहिली खोटी गोष्ट. त्या दिवसापासून दहा दिवस, म्हणजे ता. १२ पर्यंत, हेच चालले. संध्याकाळी तो गेल्यावर मी पिशवी सोडून ठेवत असे.

या दिवसांत खोलीतील भिंतीला हात लावता येत नव्हता. मी लुगडे भिजवून नेसत असे, फरशीवर बसत असे, पाय घंगाळात ठेवत असे. अंगावर घामोळे उठले आहे. देवला मधूनमधून विचारी, "बाई, हवा येऊन राहिली ना?" मी "हो" म्हणत असे. तो आपल्या आजाच्या बैलांच्या गोष्टी सांगे. मीठ घेऊन ते कोठकोठवर जात, कोणता बैल पाण्यात बसून राही. एकदा म्हणाला, "त्या बैलापरीस तुमी बऱ्या. तुमाला हाक मारली की ओ तरी देता." मी पुष्कळ हसले, हे मला आठवते.

ता. ९ रोजी त्याने सांगितले की उजवा खांदा धरला आहे, रोज जिवनबाई, म्हणजे त्याची बायको, तेल चोळते. मी त्याला विश्रांती घ्या म्हटले. तो म्हणाला, "मंग तुमाला तकलीफ व्हईल." मी पिशवीतून दोन पुस्तके काढली. सगळी काढली नाहीत.

ता. १३ रोजी सकाळी मी टपाल विचारायला पोस्टात गेले होते. माझे पत्र नव्हते. त्या वेळात शेटजी कौले पाहायला आले, आपल्या किल्लीने खोली उघडली, पंखा खाली व कप्पी नाही असे पाहून परस्पर चोरीची फिर्याद दिली. मला यातले माहीत नव्हते. बारा वाजता मी पिशवी बांधली व चारपर्यंत बसले. देवला आला नाही.

आज सकाळी जिवनबाई माझ्या दारात आली. "मास्तरीणबाई, तुमी लिवणाऱ्या वाचणाऱ्या. आमच्या बुढ्यानं काय चोरलं ते तरी सांगा," असे ती म्हणाली. तिच्याकडून कळले की देवला कालपासून कोठडीत आहे.

खाजा मियांनी सांगितले की देवला एकच बोलतो : पंखा चालू आहे, मी परवापर्यंत ओढला. पंखा जमिनीवर पडलेला शेटजींनी स्वतः पाहिल्यामुळे तो खोटे बोलतो व म्हणून चोर आहे, असे धरले गेले. तो खोटे बोलत नाही. त्याला तसे मीच भासवले.

खाजा मिया मला बाजूला म्हणाले, "बेटी, 'कप्पी ठेवून विसरले' इतकं लिही. बुढा सुटेल, तुझीही नोकरी राहील. हा कागद शाळेच्या सेक्रेटरींकडे जाणार. भिंतीआडच्या गोष्टी, पिशवी, हे कशाला?" त्यांचा हेतू चांगला आहे. परंतु 'विसरले' लिहिल्यास देवलाचे बोलणे दफ्तरात खोटेच राहते. मी शाळेत मुलींना श्रमाची किंमत शिकवते. म्हणून सर्व लिहिले आहे.

वरचा मजकूर मी अमीनसाहेबांसमोर मोठ्याने वाचला. देवलाच्या संबंधाचा असल्यामुळे त्याला बाहेर बोलावून त्याच्यासमोर पुन्हा वाचला. जिवनबाई हजर होती. वाचून झाल्यावर अमीनसाहेबांनी त्याला सोडल्याचे सांगितले. देवलाने विचारले, "म्हंजी धा दिस मी काय वढलं?"

मी सांगितले, "पुस्तकं."

शिपाई हसले. देवला हसला नाही. त्याने फेटा नीट केला.

"आन तुमी आत तशाच उकडत बसल्या?"

मी "हो" म्हटले.

"सांगायचं व्हतं बाई," एवढे म्हणून तो जिवनबाईबरोबर पायऱ्या उतरला. खांद्याबद्दल मला त्याच्याशी बोलायचे होते, ते राहिले. हे जबाबात नको, असे अमीनसाहेब म्हणाले. तेही मी येथे लिहिले आहे, कारण ते घडले.

हा जबाब मी कोणाच्या धाकाने किंवा सांगण्यावरून दिलेला नाही. दोनदा वाचला, दोन्ही वेळा खरा आहे.

सही : यमुना सोनाजी नरसीकर