पाचवी बॅटरी

(अहेरीजवळचं गाव. सांजची वेळ. अंगणात सीट उघडलेली इलेक्ट्रिक स्कूटी.)

प्रणित : मी सांगून राह्यलो ना, रात्रभर चार्जिंगले ठेवली असशील. म्हणून मेली बॅटरी.

संघप्रिया : एक रात्र दाखवा. दवाखान्यातून ड्युटी करून आल्याआल्या गरम गाडीले पिन लावू नको म्हणलं तुमी, म्हणून तासभर हात नाई लावत होती. झोपाच्या आधी काढ म्हणलं, काढत होती. पार उतरू देऊ नको म्हणलं, तर मी बाजारात पायी गेली.

प्रणित : मग दीड वर्षात कशी बसली? लोकाईच्या तीन-तीन साल चालते.

संघप्रिया : मिस्त्रीनं आज सीट खोलून दाखवलं. आत पाच बॅटऱ्या. चार ठीक हाय. पाचवी मेली, अन् तिच्यापायी सारी गाडी बंद. तिच्याच नटावर पान्याचे ओरखडे, बुडाले धानाच्या बांधीचा चिखल. मी कवा बांधीत गाडी नेली?

प्रणित : मिस्त्री काहीबी सांगते. नवी विकाची राह्यते त्याले.

गुणाबाई : काऊन भांडता रे नवराबायको? सूनबाई, तुह्या गाडीची लय काळजी करते हा. तू झोपली, की शेतावर रातच्या जागलीले निघते, तवा रोज सीट खोलून पाह्यते.

संघप्रिया : रोज, आई?

गुणाबाई : रोज. सकाळी आला की पुन्हा खोलते. पान्याचा आवाज येते ना मले.

संघप्रिया : बोला आता.

प्रणित : शेताच्या तारेत करंट सोडते, त्या झटका मशीनची बॅटरी बसली होती. रानडुकरं सारं धान लोळवून राह्यले होते. एका रातीपुरती नेली, मग सवयच पडली. तुले सांगतलं असतं, तर तू नाई म्हणली असती.

संघप्रिया : म्हणलीच असती. म्हणजे, 'रात्री पिन काढ, बॅटरी फुगते' हे माह्या गाडीसाठी नोहोतं. तुमाले न्यायले मोकळी पाह्यजे होती. अन् पह्यल्यांदा रस्त्यात बंद पडली, तवा साऱ्या मोहल्ल्यापुढं म्हणलं, बायकाईले मशीन सांभाळता येत नाई. मी खाली मान घालून ऐकलं. मले वाटलं, माहंच चुकलं.

प्रणित : धान निघू दे, पाचही नव्या टाकून देतो. उद्या मीच सोडतो तुले दवाखान्यात.

संघप्रिया : उद्या कोणाले सोडता? आज जंगलातून गाडी ढकलत पोचली, तवा डॉक्टरनं माह्या जागी दुसरी सिस्टर ठेवली होती. 'सिस्टर, तुमचा भरोसा नाई,' म्हणे.

गुणाबाई : अगाई! अन् हे आता सांगतं?

संघप्रिया : आधी गाडीचं तर कळू द्या म्हणलं. जा तुमी, अंधार पडला. डुकरं येतीन.

प्रणित : बॅटरी नाई नेत मी आता.

संघप्रिया : न्या ना. चार अजून चांगल्या हाय.